दिवेलागणीचा पाव तास

मे महिन्यात आम्ही सगळी मामे-मावस भावंडं आजोळी जमायचो. दिवसभर कोण कुठे आहे याची फारशी चौकशी होत नसे. कोणी आंब्याखाली, कोणी विहिरीच्या काठावर, कोणी माळ्यावर जुनी मासिकं उलगडत बसलेलं. पण सांजवेळी आजी देवापुढे समई लावायची, आणि वात पेटली की कोणी हाक न मारता पोरं हातपाय धुऊन ओसरीवर ओळीने येऊन बसायची. शुभंकरोती व्हायचं आणि त्याच्या पाठोपाठ परवचा. दोनापासूनचे पाढे, मग महिने, तिथी, वार, सत्तावीस नक्षत्रं. आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा तोंडपाठ होते. आमची धाव पंधराच्या पाढ्यापर्यंत. कोणी मध्येच अडखळलं की शेजारचा पुढचा आकडा सांगायचा आणि गाडी पुढे निघायची. सगळं मिळून पाव तास. मग पानं वाढली जायची.

आजी जेमतेम दुसरी शिकलेली होती. तिच्या त्या पाव तासाचं मोल मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, स्मरणशक्तीवरचे प्रयोग वाचायला लागले तेव्हा. एकेक निष्कर्ष ओसरीवरच्या त्या ओळीशी जुळत गेला. सगळे जुळले नाहीत. परवच्यात एक मोठी उणीव होती आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे. पण सुट्टीत मुलांचं शिकणं चालू कसं ठेवायचं, या प्रश्नाचं माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

आधी सुट्टीत जातं काय, ते पाहू. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा. चौथीतून पाचवीत आलेलं मूल हातच्याच्या वजाबाकीत अडतं. भागाकारात शून्य द्यायचं विसरतं. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होतो. मार्चमध्ये याच मुलाने हीच गणितं बिनचूक सोडवलेली असतात. शिक्षक जूनचे उरलेले दिवस उजळणीत घालवतात आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

अमेरिकेत या विसरण्याची मोजदाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच्या चाचण्यांत मुलं सरासरीने शाळेच्या सुमारे एक महिन्याइतकी मागे गेलेली दिसली. गणितात घसरण जास्त, वाचनात कमी. त्यातही सर्वांत जास्त फटका दोन गोष्टींना बसला होता: आकडेमोड आणि शब्दांचं लेखन. कारण उघड आहे. दुकानाची पाटी, सिनेमाची जाहिरात, क्रिकेटची बातमी हे वाचन मूल घरीही करतं. तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागण्याची वेळ मात्र त्याच्यावर शाळेबाहेर येत नाही. जे कौशल्य फक्त शाळेच्या चार भिंतींत वापरलं जातं, ते शाळेला कुलूप लागलं की गंजायला लागतं.

हा 'एक महिना' आपण जसाच्या तसा उचलू नये. तिकडची सुट्टी अडीच-तीन महिन्यांची. महाराष्ट्रात ती साधारण सहा आठवड्यांची असते, मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी काही दिवस उशिरा उघडतात. आपली मुलं, भाषा, घरं वेगळी. पण कुठलं कौशल्य आधी निसटतं, याचा क्रम आपल्या शिक्षकांच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो, आणि पालकांना तेवढी माहिती पुरेशी आहे.

यातला दुसरा धागा मला जास्त अस्वस्थ करतो. बाल्टिमोर शहरात १९८२ मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलांचा पाठपुरावा कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एन्टविसल या समाजशास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं केला. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतल्या घरांतली मुलं जवळपास सारख्याच वेगाने पुढे जात होती. अंतर वाढत होतं ते उन्हाळ्यात. त्यांनी यासाठी नळाची उपमा वापरली, आणि ती आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. शाळा चालू असते तेव्हा नळाला सगळ्यांकडे पाणी येतं. नळ बंद झाला की ज्याच्या परड्यात विहीर आहे त्याचं अडत नाही. विहीर म्हणजे घरातली पुस्तकं, प्रश्नाला उत्तर देणारी माणसं, प्रवास, गप्पा. पुढे पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या संशोधकांनी नव्या चाचण्यांवर हेच गणित पुन्हा मांडून पाहिलं तेव्हा अंतर वाढण्याचं चित्र प्रत्येक वेळी तसं उमटलं नाही. चाचणी कशी बांधली आहे त्यावर निष्कर्ष बदलत होता. म्हणून सुट्टीत मुलांचं वर्ष वाया जातं, अशी भीती पालकांच्या मनात घालणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. घरातली विहीर मात्र खरी आहे. बाल्टिमोरच्या अभ्यासाआधीच, १९७८ साली, बार्बरा हाइन्स यांनी अटलांटातल्या मुलांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. सुट्टीत कोण पुढे सरकलं, याचा संबंध मुलाने किती पुस्तकं वाचली आणि ते वाचनालयात जात होतं का याच्याशी सतत लागत होता.

आपल्या देशानेही एक फार लांबलेली सुट्टी पाहिली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ च्या आरंभी पाच राज्यांतल्या १,१३७ सरकारी शाळांमधली दुसरी ते सहावीची १६,०६७ मुलं तपासली. त्यांतल्या ९२ टक्के मुलांनी आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य गमावलं होतं. गणितात हे प्रमाण ८२ टक्के निघालं. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे वेगळं काही घडलं असेल असं त्या काळात शिकवणारा कोणीही म्हणणार नाही.

आता दिलासा देणारी गोष्ट. हर्मान एबिंगहाउस हा जर्मन विद्वान १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख प्रथम मांडणारा. त्याने प्रयोग केले ते स्वतःवर. निरर्थक अक्षरगट तयार करायचे, ते पाठ करायचे, ठरावीक काळाने पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचं. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त निसटायचं. पण महिनाभराने, जेव्हा त्यातलं जवळपास काहीच आठवत नसे, तेव्हासुद्धा पुन्हा पाठ करताना सुमारे एक पंचमांश कष्ट वाचत होते. म्हणजे विसरलेलं पुसून गेलेलं नसतं. राखेखाली निखारा असतो, फुंकर घातली की धगधगतो. जूनमध्ये मूल भागाकार विसरून आलं तर ते ढ नाही, आणि त्याच्यावर ओरडण्यासारखंही काही नाही. चार दिवसांची उजळणी पुरते. प्रश्न एवढाच, की ती फुंकर सहा आठवड्यांनी एकदम घालायची, की रोज थोडी थोडी?

इथे परवचा पुन्हा आठवतो. ओसरीवर कोणाच्याही हातात पुस्तक नसे. जे यायचं ते आठवून. हा भेद फार मोठा आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के येत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री धडा पाच वेळा वाचतात, सकाळी पेपर लिहितात आणि मेमध्ये कोरी होतात, याचं अर्धं कारण या दोन आकड्यांत आहे. पुस्तक मिटून मनाला ताण देणं हेच शिकणं. 'वाचलं का?' असं विचारणाऱ्या आईने 'वाचलंस ते मला सांग' असं म्हणायला सुरुवात केली, तर त्या घरातला अभ्यास बदलतो.

दुसरी गोष्ट सरमिसळीची. आपल्या स्वाध्यायपुस्तिकांत एका पानावर वीस बेरजा, पुढच्या पानावर वीस गुणाकार. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका प्रकाराची गणितं सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव करताना सलग गट खूपच सरस होता: ८९ टक्के बरोबर, मिसळलेल्यांचे ६०. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा सलग सराव केलेले २० टक्क्यांवर घसरले, मिसळून केलेले ६३ वर होते. सलग वीस गुणाकार करणाऱ्या मुलाला काय करायचं हे ठरवावंच लागत नाही, ते पानाच्या शीर्षकानेच ठरवलेलं असतं. परीक्षेत आणि बाजारात शीर्षक नसतं. म्हणून सुट्टीत रोज पाचच गणितं द्या, पण पाच प्रकारची: एक हातच्याची वजाबाकी, एक भागाकार, एक अपूर्णांक, एक घड्याळाचं, एक शाब्दिक. ती गेल्या इयत्तेच्या पुस्तकातली असावीत. यावर माझं मत ठाम आहे. एप्रिलमध्येच पुढच्या इयत्तेची पुस्तकं आणून ती मुलापुढे ठेवणं हा आपल्याकडचा सर्वांत वाईट रिवाज आहे. त्याने पाया पक्का होत नाही, आणि जूनमध्ये नव्या पुस्तकाच्या कोऱ्या वासाबरोबर येणारं कुतूहलही मरतं.

मूल जिथे आहे तिथून सुरुवात करावी, याचा पुरावाही सुट्टीतलाच आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९० च्या दशकात सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने बिहारमध्ये २००८ च्या जून महिन्यात सरकारी शिक्षकांबरोबर उन्हाळी शिबिरं घेतली. मुलांना इयत्तेप्रमाणे बसवलं नाही. अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, उतारा वाचणारी तिसरीकडे, आणि प्रत्येकाला तिथून पुढची एक पायरी. पुढे नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांच्या चमूने या शिबिरांचं मूल्यमापन केलं. एवढ्या थोड्या काळात मुलांच्या वाचनात मोजता येईल इतका फरक पडला होता. तेच शिक्षक वर्षभर वर्गात शिकवत होते तेव्हा तो पडत नव्हता. पाचवीतल्या मुलाला दुसरीचं वाचन अवघड जात असेल, तर त्याच्या हाती दुसरीचं पुस्तक द्यायला लाजू नका. घरात कोणी त्यावरून चिडवणार नाही, एवढी मात्र काळजी घ्या.

आता परवच्याची उणीव. तो अर्थाशिवाय चालायचा. एबिंगहाउसनेच नोंदवून ठेवलंय की निरर्थक अक्षरांच्या तुलनेत बायरनच्या दीर्घकवितेतली कडवी पाठ करायला त्याला सुमारे एक दशांशच कष्ट पडले. अर्थ असला की मन दहापट स्वस्तात साठवतं. आम्ही मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त म्हणायचो आणि डोक्यावरच्या आकाशात मघा कुठे आहे ते कोणी दाखवलं नव्हतं. सवायकीचा उपयोग कशासाठी, तेही नाही. त्या पाव तासाची चौकट ठेवायची, पण तिच्यात दिवसभरातलं काहीतरी आणून बसवायचं. आणि मे महिन्याचा दिवस त्यासाठी इतका भरलेला असतो, की शाळेला हेवा वाटावा.

कैरीचं पन्हं घ्या. एक वाटी गराला दोन वाट्या गूळ लागत असेल, तर आज सव्वा वाटी गर निघाला, गूळ किती? मूल स्वतः मोजून घालतं, चाखतं, आणि सवायकीला चव येते. विटीदांडू घ्या. वकट, लेंड, मूंड, नाल असं ओरडत पोरं विटी टोलवतात. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. शतकानुशतकं महाराष्ट्राच्या मातीत खेळला जाणारा खेळ दक्षिणेच्या भाषेत मोजला जातो! हे कळल्यावर सहावीतलं मूल भाषांचं नातं या विषयावर जेवढे प्रश्न विचारतं तेवढे कोणत्याही धड्यावर विचारत नाही. एसटीने गावी जाताना खिडकीशी बसलेल्या मुलाला घड्याळ द्या आणि किलोमीटरचे दगड मोजायला सांगा. दोन दगडांमध्ये किती सेकंद गेले यावरून ताशी वेग काढणं हे सातवीचं गणित आहे, घाटात तो कसा पडतो आणि सपाटीला कसा वाढतो हे बोनस.

आणि सावली. याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण हा धडा फक्त मे महिन्यातच शिकता येतो आणि शाळा नेमकी तेव्हा बंद असते. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे उत्तरेकडे सरकणारा सूर्य प्रत्येक गावाच्या बरोबर डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो. परतीचा दिवस पावसाळ्यात येतो आणि ढगांत हरवतो. जाण्याचा दिवस मेच्या लख्ख उन्हात येतो. त्या दुपारी काही क्षण उभ्या काठीला सावलीच उरत नाही. कोल्हापुरात हा दिवस ६-७ मेच्या सुमाराला, पुण्यात १३-१४ ला, मुंबईत १५-१६ ला, नागपुरात २६ च्या आसपास. अंगणात किंवा गच्चीवर ओळंब्याने सरळ उभी काठी रोवायची. सुट्टी लागल्यापासून रोज दुपारी सावलीची सर्वांत लहान लांबी खडूने आखायची आणि वहीत तारीख, वेळ, सेंटिमीटर लिहायचे. लांबी रोज थोडी थोडी कमी होते, शून्य होते, आणि मग सावली दुसऱ्या बाजूला, दक्षिणेकडे पडायला लागते. हे पाहिलेल्या मुलाला कर्कवृत्त आणि पृथ्वीच्या आसाचा कल पाठ करावा लागत नाही. नागपूरला मामेबहीण असेल तर आणखी मजा. पुण्यात सूर्य डोक्यावर येतो सुमारे १२ वाजून ३१ मिनिटांनी, नागपुरात सुमारे १२ वाजून १० मिनिटांनी. घड्याळ एकच, मग दुपार आधी का होते? नागपूर पुण्याच्या पूर्वेला पाच अंशांहून थोडं जास्त आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. दोघांनी फोनवर आपापले आकडे एकमेकांना सांगितले की रेखांशाचा अख्खा धडा झाला.

खर्च शून्य. काठी, खडू, वही. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायला देशभरातल्या मुलांना शिकवलं. त्यांची पुस्तकं मराठीतूनही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली, कारण गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती. मग शाळाच कुरणात गेली. महागड्या समर कॅम्पची फी परवडत नाही म्हणून ज्यांचा जीव खट्टू होतो, त्या आईबाबांनी हे लक्षात ठेवावं.

वाचनाचं थोडं वेगळं. ते तासाच्या हिशेबाने करवून घेता येत नाही, त्यासाठी पुस्तक हाताशी पडलेलं लागतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत आणि त्यांतल्या बालविभागाच्या कपाटाची किल्ली कित्येकदा मागणाऱ्याची वाट पाहत असते. महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर वाटेत भिलारला थांबा. २०१७ पासून तिथे लोकांच्या घराघरांत पुस्तकं मांडून ठेवली आहेत. कोणीही बसावं, वाचावं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी सुट्टी ही मराठी वाचनाची सोन्यासारखी संधी आहे. जोडाक्षरांशी अडखळणाऱ्या नातीने आजोबांना रोज पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून दाखवावी. आजोबांच्या डोळ्यांना आराम मिळतो, आणि चूक दुरुस्त करायला समोर प्रेमाचं माणूस असतं.

बक्षिसांबद्दल सावध राहा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी आपण होऊन आनंदाने चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. त्यांना ते दिलंही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या वेळात पुन्हा स्केचपेनं ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. हा अभ्यास १९७३ चा. 'एक गोष्ट वाचलीस तर आइस्क्रीम' असं म्हटलं की मुलाला कळतं ते एवढंच: गोष्ट ही सोसायची बाब, आइस्क्रीम ही मिळवायची. आइस्क्रीम जरूर खाऊ घाला. ते उन्हाळा आहे म्हणून, गोष्टीच्या मोबदल्यात नको.

काही मुलांची सुट्टी या वेळापत्रकात बसतच नाही. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर त्यांची मुलं शाळेचे नेमके मधले महिने फडावर काढतात, आणि घरी येतात तेव्हा शाळेला सुट्टी लागायला आलेली असते. या मुलांसाठी मे महिना हाच शिकण्याचा महिना आहे. गावातल्या दोन कॉलेजच्या मुलामुलींनी देवळाच्या सभामंडपात रोज तासभर त्यांच्याबरोबर बसायचं ठरवलं, तर त्यांचं वर्ष वाचू शकतं. सुट्टीतल्या शिक्षणावर पैसा किंवा वेळ खर्च करण्याची ज्याची ऐपत आहे त्याने सर्वांत आधी इथे पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

आता सवयीकडे. 'रोज अभ्यास कर' ही सूचना मुलाच्या कानावरून जाते, कारण तिला वेळेची खुंटी नसते. आजीच्या घरी ती खुंटी समई होती. वात पेटली की बसायचं, एवढंच मनाला माहीत होतं. रोज नव्याने ठरवावं लागत नव्हतं. तुमच्या घरी समई नसेल. दिवा लावणं नसेल तर चहाचं आधण असेल, बाबा कामावरून येऊन चपला काढतात तो क्षण असेल, सोसायटीच्या नळाला पाणी यायची वेळ असेल. रोज नेमाने घडणारी एखादी गोष्ट निवडा आणि पाव तास तिला बांधून टाका. जागा एकच ठेवा. वही एकच ठेवा. त्या पाव तासात घरातले सगळे फोन कपाटात जाऊ देत, मोठ्यांचेही. आईला वाचता येत नसेल तरी काही बिघडत नाही. मुलाने आज काय पाहिलं, सावली किती भरली, पन्ह्यात गूळ किती पडला हे सांगायचं आणि आईने ऐकायचं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'नाही कळलं' उमटलं, की सांगणाऱ्याला पुन्हा विचार करावा लागतो. पाच गणितं, एक पान मोठ्याने वाचन आणि दिवसाचं सांगणं पाव तासात बसतं. मन रमलं आणि अर्धा तास झाला तर होऊ द्या. आपण होऊन वाढवू मात्र नका.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सवय कशी लागते हे ९६ जणांवर तपासलं. प्रत्येकाने एक छोटी कृती निवडली, जसं की जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिणं, आणि ती ठरावीक प्रसंगाला जोडली. कृती आपसूक व्हायला लागायला मध्यक काळ ६६ दिवसांचा लागला. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला त्याहून कितीतरी जास्त लागणार असं दिसलं. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं. अभ्यासातली माणसं मोठी होती आणि कृती सोप्या होत्या, म्हणून मुलांच्या बाबतीत ६६ हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. पण लग्नाच्या गडबडीत किंवा प्रवासात एक संध्याकाळ बुडाली म्हणून 'आता मोडलंच' असं म्हणून सोडून देऊ नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

दिवस मोजले तर एक गोष्ट लक्षात येते. २ मेला सुरुवात केली तर शाळा उघडेपर्यंत साधारण पंचेचाळीस संध्याकाळी होतात. सहासष्टावा दिवस येतो ६ जुलैला. म्हणजे सवय अर्ध्याहून जास्त रुजलेली असते तेव्हाच नवं दप्तर येतं, वह्यांना कव्हरं घालायची असतात, क्लासच्या वेळा ठरतात, आणि घरोघरी तो पाव तास सुट्टीबरोबर गुंडाळून ठेवला जातो. कृपा करून तसं करू नका. पाऊस सुरू होऊ दे, शाळा सुरू होऊ दे. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तरी दिवा लागला की मुलांच्या शेजारी येऊन बसा.